भुईगावचा दगड मुंबईत



पावसाळ्यात सुट्टी आली की आपल्याकडे दोनच बेत ठरतात. एकतर घरच्यांसाठी भजी तळत बसायचं, नाहीतर सगळ्यांना घेऊन तुंगारेश्वरच्या धबधब्यावर जायचं. आज आम्ही तिसरा बेत सांगणार आहोत. छत्री घ्यायची, डबा घ्यायचा आणि लोकलनं मुंबईतली संग्रहालयं बघायला जायचं. डोक्यावर छप्पर, पायाखाली कोरडी फरशी, आणि समोर आपल्याच गावातून गेलेल्या वस्तू. हो, आपल्याच. वसई-विरारच्या मातीतून निघालेल्या फार जुन्या वस्तू आज मुंबईत आहेत, आणि आपल्यातल्या बहुतेक जणींनी त्या पाहिलेल्या नाहीत.

आम्ही या श्रावणात जाऊन आलो. आमच्या बचत गटांच्या अकरा जणी होतो. आजचं बोलणं त्या सहलीचं आहे, पण त्याहून जास्त त्या वस्तूंच्या इतिहासाचं आहे.

सोपारा म्हणजे कोण होतं?

आज नालासोपारा म्हटलं की डोळ्यांसमोर स्टेशनची गर्दी, इमारती आणि पावसात रस्त्यावर साचलेलं पाणी येतं. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे नाव लांबच्या देशांतल्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. संस्कृतात शूर्पारक, पाली ग्रंथांत सुप्पारक, आपल्या तोंडी सोपारा. खाडीतून जहाजं आत यायची, माल उतरायचा आणि घाट चढून जुन्नर, पैठणकडे जायचा. महाभारतात शूर्पारकाचा उल्लेख आहे. बौद्ध कथांमध्ये इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो भिक्षू झाला आणि त्यानं बुद्धांना सोपाऱ्याला बोलावलं, असं त्या कथा सांगतात.

सोपाऱ्यात एक उंचवटा आहे. गावकरी त्याला पिढ्यान् पिढ्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरूड. शूर्पारक गावात बुरूड राजाचा कोट असावा, ही जुळणी आमच्या गटातल्या बायांच्या लगेच लक्षात आली. सूप काही पुस्तकात वाचायची वस्तू नाही, रोज हातात असते.

या उंचवट्याखाली राजाचा कोट नव्हता. तिथं विटांचा बौद्ध स्तूप होता. तो जगासमोर आला १८८२ साली.

पंडित भगवानलाल इंद्रजी

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. त्यांच्यासोबत जेम्स कॅम्पबेल हे इंग्रज अधिकारी होते, ज्यांनी मुंबई इलाख्याची गॅझेटियरं तयार केली.

भगवानलालजी मूळचे जुनागढचे. जन्म १८३९चा. जुनागढच्या बाहेर गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड खडक आहे, त्यावर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. ही ब्राह्मी लिपी कित्येक शतकं कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. त्यानंतर काही वर्षांतच जुनागढचा हा मुलगा त्या खडकासमोर बसून अक्षरं गिरवायला लागला. इंग्रजी शाळेत शिकून तो विद्वान झाला नाही, खडक वाचून झाला. पुढं परदेशातल्या लायडन विद्यापीठानं त्यांना मानद पदवी दिली.

सोपाऱ्याच्या स्तूपाच्या पोटात विटांची एक कोठी होती. त्या कोठीत दगडाचा मोठा गोल करंडा, वरचा भाग आणि खालचा भाग असा दोन तुकड्यांचा. तो उघडला तर आत तांब्याचा करंडा, आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी पुढं येणाऱ्या मैत्रेय बुद्धाची. मूर्ती नंतरच्या काळातल्या, साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची पुष्कळ फुलं होती, आणि एक चांदीचं नाणं होतं, सातवाहन राजाचं.

आता सांगा, पाच डब्यांच्या आत, सोन्याच्या डबीत काय ठेवलं असेल? हिरा? मोती? नाही. मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे, अशी ठेवणाऱ्यांची श्रद्धा होती.

आम्ही ही गोष्ट गटाच्या बैठकीत सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “आपण फुटलेलं मडकं दाराबाहेर टाकतो, आणि त्यांनी सोन्यात ठेवलं.” वस्तूची किंमत कशानं ठरते, या प्रश्नाचं यापेक्षा सोपं उत्तर आम्हाला अजून मिळालेलं नाही. ज्या वस्तूशी माणसाची आठवण बांधलेली असते, ती वस्तू लोक जपतात. संग्रहालय म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पहिला मुक्काम : भायखळा

सहलीचा ठराव आम्ही रीतसर बैठकीत केला. कुणी म्हणालं, पावसात कशाला? त्यावर दुसरीनं उत्तर दिलं की उन्हाळ्यात लग्नं असतात, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी असतात, मार्चमध्ये कर्जाचे हप्ते आणि हिशेब असतात. बाईला मोकळा दिवस पावसातच मिळतो, तोही सरकारी सुट्टीचा. घरकाम करणाऱ्या आमच्या सख्यांनी आदल्या दिवशी जास्तीचं काम उरकून सुट्टी मागून घेतली.

विरारहून दादरला आलो, तिथं मध्य रेल्वेला बदलून भायखळा. राणीच्या बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. लहानपणी बागेत वाघ-माकडं बघायला आलेल्या आमच्यातल्या चौघी-पाचजणी होत्या, पण शेजारच्या या इमारतीत कुणीच पाऊल टाकलं नव्हतं.

हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. १८५७ साली त्याची सुरुवात कोट भागात झाली. १८६२ साली या इमारतीचा पाया घातला गेला आणि १८७२च्या मे महिन्यात ते लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट यांची नावं होती. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजींचं नाव मिळालं. पाच वर्षांच्या डागडुजीनंतर २००८ साली ते पुन्हा झळकलं.

आत गेल्यावर हिरव्या-सोनेरी रंगाचे खांब, वर नक्षीचं छत, आणि कपाटांमधून मातीचे छोटे छोटे पुतळे. मुंबईत राहणारे नाना जातीजमातींचे लोक, त्यांच्या पगड्या, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. आमच्या बाया इथं सर्वांत जास्त वेळ थांबल्या. लुगडं नेसायची पद्धत, अंबाडा, पायातल्या तोड्या यांवर चर्चा रंगली. राजांच्या तलवारींपेक्षा बाईच्या निऱ्या कशा काढल्या आहेत हे बघायला आम्हाला जास्त आवडलं, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. कपडा, भांडं, अवजार हासुद्धा इतिहासच आहे.

बाहेर बागेत दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. घारापुरी बेटाला इंग्रजीत ‘एलिफंटा’ नाव पडलं ते याच हत्तीवरून. १८६४ साली हा हत्ती उचलून विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले, पुढं १९१४ साली जोडले. भर पावसात छत्र्या धरून आम्ही त्याचे सांधे शोधले.

भाऊ दाजींचं नाव आम्ही मुद्दाम घेतोय, कारण सोपाऱ्याची गोष्ट त्यांच्याशी जोडलेली आहे. ते गोव्यातल्या मांद्र्याचे. मुंबईत शिकून डॉक्टर झाले, गरिबांना मोफत औषध देत. तरुणपणी त्यांनी काठियावाड-कच्छमधल्या मुलींना जन्मताच मारण्याच्या चालीविरुद्ध निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीस मिळालं होतं. मुलींच्या शाळांना त्यांनी बळ दिलं. आणि जुने शिलालेख गोळा करण्याचा त्यांना ध्यास होता. त्या कामासाठी त्यांनी जुनागढहून ज्या तरुणाला बोलावून घेतलं तो म्हणजे भगवानलाल इंद्रजी. भाऊ दाजींच्या पैशावर भगवानलालजींनी देशभर फिरून लेखांचे ठसे घेतले. भाऊ दाजी १८७४ साली गेले. सोपारा उकरला गेला तो त्यानंतर आठ वर्षांनी. पेरलं एकानं, पीक आलं दुसऱ्याच्या हाताला, पण शेत तेच.

दुसरा मुक्काम : टाउन हॉलच्या पायऱ्या

भायखळ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलो आणि चालत हॉर्निमन सर्कलला गेलो. तिथं उंच खांबांचा पांढरा टाउन हॉल आहे, १८३३ साली बांधून झालेला. एशियाटिक सोसायटी इथंच आहे. सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले करंडे, सोन्याची फुलं आणि आठ बुद्धमूर्ती सरकारनं या संस्थेच्या हवाली केल्या, आणि तो ठेवा आजही तिच्याकडे आहे.

सुट्टीमुळे आतलं काम बंद असणार हे आम्हाला ठाऊकच होतं. तरी पायऱ्या बघायच्या होत्या. याच पायऱ्या चढून दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथल्या ग्रंथालयात वाचायला येत. विद्यापीठात नोकरी नाही, हाताखाली माणसं नाहीत, तरी इथं बसून त्यांनी लोककथा, ओव्या, ऋतू, बौद्ध साहित्य यांचा अभ्यास केला. पायरीवर उभं राहून आम्ही एवढंच म्हणालो की आत आपल्या गावच्या सोन्याची फुलं आहेत, आणि आत बसून वाचण्याचा हक्क बाईनं कमावलेला आहे. मग पाऊस वाढला आणि आम्ही काळाघोड्याकडे धावलो.

तिसरा मुक्काम : मोठं संग्रहालय

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ म्हणतात. ११ नोव्हेंबर १९०५ला पाया घातला गेला. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला, घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीचा. दगड मात्र आपल्या मुलखातला, कुर्ल्याच्या खाणींचा. १९१४ साली इमारत उभी राहिली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि तिथं सैनिकांसाठी इस्पितळ झालं. अखेर १० जानेवारी १९२२ला गव्हर्नरच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते संग्रहालय उघडलं. १९९८ साली नाव बदललं.

ओल्या छत्र्या दाराशी ठेवून आत गेलो. इथं एका दिवसात सगळं पाहून होत नाही. मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, पहाडी आणि दख्खनी लघुचित्रं, टाटा कुटुंबातल्या दोघा भावांनी दिलेल्या वस्तू. आम्ही ठरवूनच आलो होतो की सगळं बघायच्या नादात पाय दुखवून घ्यायचे नाहीत. आमचं मुख्य काम एका दगडाशी होतं.

सोपाऱ्यात स्तूपाखेरीज आणखी काही सापडलं होतं. १८८२ साली भाटेळा तलावाजवळ भगवानलालजींना अक्षरं कोरलेला एक फुटका दगड मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा निघाला. पुढं १९५६ साली आपल्या भुईगावात दुसरा तुकडा सापडला, नवव्या आज्ञेचा. अशोकानं चौदा आज्ञांची एक मालिका देशाच्या निरनिराळ्या टोकांना खडकांवर कोरून घेतली होती. गिरनारला, ओडिशात धौलीला, डोंगराळ वायव्य सरहद्दीला. महाराष्ट्रात ही मालिका मिळाली ती एकट्या सोपाऱ्याला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाला आपलं म्हणणं ज्या ठिकाणी लोकांसमोर मांडावंसं वाटलं, त्यात आपलं गाव होतं.

फुटक्या दगडावर मोजकी अक्षरं उरलेली, मग ती कोणत्या आज्ञेची हे कसं कळलं? मजकूर सगळीकडे जवळजवळ तोच होता म्हणून. गिरनारचा खडक शाबूत आहे. त्याच्याशी ताडून पाहिलं की तुकडा जागेवर बसतो. पासबुकाचं एखादं पान फाटलं तरी बँकेच्या खात्यावरून नोंद जुळवता येते ना, तसंच. आणि गिरनार तर भगवानलालजींना लहानपणापासून पाठ.

आमच्यात भुईगावच्या एक काकू होत्या. पाटीवर आपल्या भागाचं नाव वाचून त्या काचेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या वाडीच्या वाटेवर असे काळे दगड कितीतरी बघितले. याच्यावर अक्षरं होती म्हणून हा इथं आला.”

दगड काय सांगतो?

जाण्याआधी आम्ही दोन्ही आज्ञांचा पूर्ण अर्थ मराठीतून वाचून घेतला होता. तो ऐका, कारण दोन्ही आज्ञा जणू आपल्यासाठीच आहेत.

आठवी आज्ञा सहलीविषयी आहे. आधीचे राजे मौजेच्या यात्रा काढत, शिकार करत, करमणूक करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला, आणि तेव्हापासून त्यानं यात्रेची रीत बदलली. साधुसंतांना भेटायचं, वृद्धांना भेटून मदत द्यायची, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचं, त्यांना सांगायचं आणि त्यांना विचारायचं. यातच आपल्याला जास्त आनंद मिळतो, असं तो सांगतो. म्हणजे सहल दोन तऱ्हेची असते. एक फक्त मन रमवणारी, दुसरी भेटून, विचारून काहीतरी घेऊन येणारी. निर्मळच्या जत्रेला जाणाऱ्या आपल्याला हे समजायला अवघड नाही. जत्रेत पाळणाही असतो आणि माहेरच्या माणसाची भेटही असते.

नववी आज्ञा मात्र ऐकल्यावर आमच्यात चांगलीच जुंपली. त्यात राजा म्हणतो की लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात. आणि त्यातही बायका पुष्कळ, क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात. करायला हरकत नाही, पण त्याचं फळ थोडं. खरं मंगल वेगळं. नोकरचाकर आणि दासांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम ठेवणं, दान देणं.

दिवस श्रावणातला. आमच्यातल्या दोघींचा उपवास, एकीच्या घरी येत्या मंगळवारी मंगळागौर. त्यात समोरचा दगड म्हणतोय, बायका निरर्थक विधी करतात!

“म्हणजे तेव्हापासून आपल्यालाच नावं ठेवतायत,” एक जण म्हणाली. “पुरुष काय विधी करत नव्हते?” दुसरी म्हणाली, “माझ्या आईला वर्षात एकच रात्र घराबाहेर जागायला मिळायची, मंगळागौरीची. फुगड्या, गाणी, मनातलं बोलणं. राजाला ते निरर्थक वाटलं असेल, तिला नव्हतं.” त्यावर तिसरी, जी चार घरची धुणीभांडी करते, शांतपणे म्हणाली, “पण नोकरांशी नीट वागा हेच खरं मंगल, हे त्यानं दगडावर लिहिलं ना? मग माझं त्याच्याशी भांडण नाही. हा दगड एकेका घरात नेऊन दाखवावासा वाटतो.”

आम्हाला वाटतं, तिघींचंही खरं आहे. खर्चिक आणि पोकळ कर्मकांडाबद्दल राजा बोलतोय ते आजही लागू आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते आपण आपल्याच गटात बघतो. पण बाईचा विधी बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं एकत्र येणं दिसत नाही, हेही तितकंच खरं. दर महिन्याला ठरल्या दिवशी सतरंजी अंथरून आपण बसतो, वर्गणी भरतो, एकमेकींची अडचण ऐकतो. बाहेरच्याला तीही बायकांची गडबडच वाटत असेल.

नोंद कुणाची राहते?

या दगडापुढं उभं राहून आम्हाला सगळ्यात जास्त टोचलं ते हे : बायकांविषयी लिहिलं गेलं, पण बायकांनी काय म्हटलं ते कुठं आहे? गटात आपण पहिल्या दिवशी काय शिकलो? वहीत नोंद नसेल तर व्यवहार झालाच नाही. इतिहासाचंही तसंच आहे. सोपाऱ्याच्या खोदकामात भगवानलाल आणि कॅम्पबेल ही दोन नावं आपल्यापर्यंत आली. माती उपसणाऱ्यांची, पाट्या वाहणाऱ्यांची नावं आली नाहीत.

पण बायकांच्या नोंदी अजिबात नाहीत असं समजू नका. त्या आपल्या वाटेवरच आहेत. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यात सोपाऱ्याचे लोक आहेत आणि स्त्रियाही आहेत, संसारी बायका आणि भिक्षुणी. कुणी लेणं करवलं, कुणी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. पाणी वाहणाऱ्या बाईलाच पाण्याच्या टाक्याची किंमत कळणार. तिकडे जुन्नरच्या वाटेवर नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलेल्या टाक्याचा लेख आहे. आणि त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. बाईच्या नावानं मांडलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेबच म्हणा. अशोकानं ज्याला क्षुल्लक मंगल म्हटलं असतं, ते तिनं आकड्यांसकट दगडात कोरून ठेवलं. आमच्या कोषाध्यक्षा हे ऐकून फार खूश झाल्या.

वस्तू परत याव्यात का?

परतीच्या विरार गाडीत हा वाद झाला. चर्चगेटहून सुट्टीच्या दिवशी बसायला जागा मिळाली, त्यामुळे वाद निवांत झाला.

काही जणींचं म्हणणं, आपला दगड आपल्याकडे यावा. वसईतून नेहमी वस्तू गेल्याच आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा इथल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठी सैन्यानं विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीत आजही त्या आहेत. स्तूपातलं सोनं गेलं, दगड गेले, घंटा गेल्या.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं, इथं राहिल्या असत्या तर टिकल्या असत्या का? किती दगड पायरीला लागले, किती कुंपणाला. तिथं निदान काच आहे, पाटी आहे, रोज हजारो लोक बघतात, आणि पाटीवर आपल्या गावाचं नाव आहे.

आमचं मत विचाराल तर वस्तू कुठं ठेवली यापेक्षा ती आपली आहे हे आपल्या मुलांना ठाऊक आहे का, हा प्रश्न मोठा आहे. आपल्या जिल्ह्याला, पालघरला, २०१४ साली स्वतंत्र नाव मिळालं. महानगरपालिका २००९ची. पण गाव त्याआधी दोन हजार वर्षांपासून नोंदलेलं आहे. उद्या आपल्या भागात एखादं छोटं संग्रहालय व्हावं, निदान त्या दगडांच्या प्रतिकृती आणि मराठीतला अर्थ शाळेतल्या मुलांना इथंच बघायला मिळावा, अशी मागणी आपण ग्रामसभेत, वॉर्डात करू शकतो. त्यासाठी आधी आपण मूळ दगड पाहून आलेलो असावं.

बेत करायचा असेल तर

थोडं कामाचं सांगतो. निघण्याआधी दोन्ही संग्रहालयं त्या दिवशी उघडी आहेत ना, हे फोन करून विचारा. भायखळ्याचं बुधवारी बंद असतं. काही राष्ट्रीय सणांना मोठं संग्रहालयही बंद असतं. डबा आत उघडता येत नाही, तो बाहेर खा. सोबत कोरड्या पायपुसण्याचा तुकडा आणि एक प्लास्टिकची पिशवी ठेवा. दोन-तीन दालनंच निवडा आणि नीट बघा. पाटीवर गावाचं नाव शोधा. समजलं नाही तर तिथल्या माणसाला विचारा, लाजू नका. विचारण्यासाठीच तर यात्रा काढायची असते. काळाघोड्याला वेळ उरला तर समोरच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ सालची. तिथं आजच्या चित्रकारांची चित्रं फुकट बघता येतात, आणि पावसाची सर ओसरेपर्यंत बाकावर बसताही येतं.

मुंबईला जाणं जमलं नाही तर पाऊस उघडल्यावर सोपाऱ्याच्या स्तूपाशी जा. तो आपल्याकडेच आहे, आता संरक्षित आहे, आणि संध्याकाळी तिथं शांत वाटतं. सोबत मुलांना न्या. त्यांना सांगा, इथल्या सोन्याच्या डबीत फुटक्या भांड्याचे तुकडे होते.

आणि एक काम आम्ही सुरू केलंय, तुम्हीही करा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणायची. आजीची किसणी, आईचं सूप, सासूबाईंची विळी, काहीही. ती कुणाची, कुठून आली, कुणी वापरली, हे दोन ओळींत वहीत लिहायचं आणि खाली त्या बाईचं पूर्ण नाव घालायचं. ‘अमक्याची आई’ असं नाही, तिचं स्वतःचं नाव. आमच्या वहीत आजवर नऊ नोंदी झाल्या आहेत. दोघींना मात्र आपल्या पणजीचं नाव घरात कुणालाच विचारून मिळालं नाही. त्या जागा आम्ही रिकाम्या ठेवल्या आहेत, खोडल्या नाहीत.